कोपऱ्यातली दुसरी खुर्ची

प्रिय तेओ,

काल आईने रामिरोचं ताट मांडलं. मृतांच्या दिवसाला दरवर्षी मांडते तसंच: झेंडूची फुलं, मेणबत्त्या, त्याचा फोटो आणि मक्याच्या पानात उकडलेले तमाले. माझा भाऊ उपाशी गेला, म्हणून आई त्याला दोन माणसांचं वाढते. फोटोशेजारी ते बूट असतात. त्याचेच बूट घालून तू देशातल्या सगळ्या कॉलेजांचा विजेता झालास, आणि शेवटची कुस्ती संपल्यावर, तुम्ही पैलवान कुस्ती कायमची सोडताना करता तसे, मॅटच्या मधोमध काढून ठेवलेस. आईने ते उचलून घरी आणले.

तू जिंकून आलास तो दिवस आठवतो? द्राक्षांच्या मळ्यातून लोक थेट मातीच्या पायांनी आमच्या अंगणात जेवायला आले होते. तू मात्र कशालाच तोंड लावेनास. आई म्हणाली, "जिंकलास ना रे बाबा? मग आता गिळ!" सगळे हसले, आणि तू घरामागे जाऊन रडलास. एका वजनगटात कॉलेजकडून एकच जण उतरतो. त्या जागेसाठी आपापसात झालेल्या कुस्तीत तू रामिरोला हरवलं होतंस. तो वर तुलाच चिडवत होता, "ठेव तुझी जागा, हत्ती! मी खालच्या गटात जातो." मग वजन उतरवायला पाणी पिणं बंद करून, रबरी सूट चढवून तो तापवलेल्या खोलीत धावत राहिला, आणि पडला तो उठलाच नाही. तू हरवलंस म्हणून तो गेला नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तुला पटलं नाही.

आता तू कोच आहेस. कोपऱ्यात कोचांसाठी दोन खुर्च्या असतात. तुझ्या शेजारची कायम रिकामी, तिच्यावर त्याचा टॉवेल. तुझा मदतनीस बिचारा उभा राहतो. नव्या मुलांना तू सांगतोस, "ही रामिरोची जागा." मला ते बघून बरं वाटायचं. खरंच वाटायचं का, हे मी डायरीत कितीदा तरी स्वतःला विचारलंय. वाटायचं.

पण यंदा माझा लेक साउल तुझ्या संघात आहे. तुला तो म्हणतो, "कोच, वजन आपोआप उतरतंय." खोटं आहे. अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून तो दिवसभर बाटलीत थुंकत बसतो. त्याला मामाच्या त्याच खालच्या गटात उतरायचंय. मी ओरडले तर म्हणतो, "आई, कोपऱ्यात मामा बसलेला असतो. त्याच्यासमोर जाड्या होऊन उतरू?" काल तो ताटासमोर उभा राहिला, तमाल्यांचा वास घेतला आणि खोलीत निघून गेला. आई हळूच म्हणाली, "ग्रिसेल, या घरात आता दोघं उपाशी आहेत."

म्हणून हे पत्र. साउलला वरच्या गटात उतरव. चिडेल, तुझ्याशी बोलणार नाही, चालेल. आणि शनिवारच्या कुस्त्यांना मी येतेय. कोपऱ्यात बसायला पास लागतो म्हणे, तो माझ्या नावाने करून ठेव. टॉवेल मी घडी करून मांडीवर घेईन. साउलने मॅटवरून वळून पाहिलं, की त्या खुर्चीत त्याला पोटभर जेवून आलेलं, जिवंत माणूस दिसायला हवं.

तुझीच,
ग्रिसेल