चेन की पट्टा

३ फेब्रुवारी. सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. आज नोकरीला लागते आहे: पाणी तपासणी प्रयोगशाळा, नमुना सहायक. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, तेव्हा आळस परवडणार नाही.
बाबांनी दाराजवळच्या खिळ्यावरून त्यांचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. स्टीलच्या चेनचं. म्हणाले, बाटलीवर वेळ लिहायची असते ना, मग सारखा मोबाइल काय काढतेस, हे घाल. बाबांची एकतीस वर्षं छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर गेली. मशीनपाशी हातात काही चालत नाही, म्हणून तिथेही खिळा आणि घरीही खिळा. आत्या म्हणाली, दादापेक्षा हे घड्याळ खिळ्यांनीच जास्त वापरलंय.
नवल म्हणजे चेन मला अगदी मापात बसली. जराही सैल नाही. म्हणजे बाबांचं आणि माझं मनगट एकाच मापाचं! याला म्हणतात वारसा. आईला हे सांगितलं तर ती दूध उतू जातंय म्हणत आत गेली. दूध गॅसवर नव्हतंच.

५ फेब्रुवारी
तीन नमुने बाद. नळाखाली बाटली धरली की चेन बाटलीच्या गळ्याला लागते. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, निर्जंतुक बाटलीला तुमचे दागिने कशाला? मी नम्रपणे सांगितलं की हा दागिना नाही, वारसा आहे. त्या म्हणाल्या, वारसा खिशात ठेवा.
मुद्दा विचार करण्यासारखा आहे. रोजच्या वापराला काय बरं, चेन की पट्टा? लोक असल्या गोष्टी मनाला येईल तशा ठरवतात. मी शास्त्रीय पद्धतीने ठरवणार. मुदत: महिनाअखेर.
बाबा अजून रजेवर. साठलेली रजा वाया जाते म्हणे. बरोबर आहे.

१० फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या तराजूवर घड्याळ ठेवलं. चेनसकट एकशे चार ग्रॅम. चेन काढून मोजणार इतक्यात मॅडम आल्या. आता तो तराजू पुन्हा तपासून घ्यावा लागेल आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. अनुभव मिळेल.

१२ फेब्रुवारी. दुपारी
जेवणाच्या सुट्टीत घड्याळवाल्यांकडे. हे काका बाबांना पंचवीस वर्षं ओळखतात. चेन उतरवून काळा चामड्याचा पट्टा लावून घेतला. काका डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, काय गं, काढलेल्या पाच कड्यांची डबी घरी आहे ना? टाकू नका. मी विचारलं, कुठल्या कड्या? म्हणाले, चेनच्या. गेल्या दीड वर्षात एकेक करून पाच काढल्या की मी. घड्याळ सैल होतं म्हणायचा तुझा बाप.
मी म्हटलं, बाबा हल्ली सकाळी चालायला जातात. काका म्हणाले, असेल. मग त्यांनी पट्टा लावायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.
चालण्याने माणूस किती आटोपशीर होतो! मीसुद्धा सोमवारपासून चालणार.

२० फेब्रुवारी
चामड्याच्या पट्ट्याचा निकाल लागला. आठ दिवस नळाखाली भिजला, आता घामट बुटासारखा वास मारतो. आत्या म्हणाली, हात माझ्या ताटापासून लांब ठेव. बाबा हसले. हसताना त्यांनी पोटावर हात धरला होता. माझा विनोद नव्हता, आत्याचा होता, तरी बरं वाटलं.
चालणं: सोमवार हुकला. येता सोमवार नक्की.

२६ फेब्रुवारी
रबरी पट्टा आणला. पाण्याला उत्तम. मनगटावर लाल पुरळ. मॅडमनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, प्रयोग चालू आहे.

१ मार्च
मुदत संपली, निर्णय नाही. पण घाईचा निष्कर्ष हा निष्कर्षच नव्हे. आमच्याकडे नियमच आहे: एकदाच घेतलेल्या मापावर अहवाल द्यायचा नाही. मुदतवाढ: मार्चअखेर. तोवर घड्याळ चेनवरच. नमुना घेताना ते काढून ठेवायला प्रयोगशाळेच्या भिंतीत खिळा ठोकला. ठोकताना टवका उडाला, पण वर घड्याळ टांगल्यावर दिसत नाही.

४ मार्च. मंगळवार
बाबा आणि आई दर मंगळवारी आईच्या मावशीकडे जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा बाबांच्या कोपराच्या खळग्यात कापूस आणि चिकटपट्टी असते. त्यांना रक्तदानाची ओढ लागलेली दिसते. विचारलं नाही. या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात.
दर आठवड्याला रक्त घेत नाहीत, हे मला माहीत आहे. पण केंद्राकेंद्रात फरक असतो.

७ मार्च
मनगटाचं माप नसेल तर पट्टा ठरवायचा कसा? हे आधीच सुचायला हवं होतं. आईचा शिवणाचा टेप घेऊन स्वतःचं मोजलं: पंधरा पूर्णांक चार. मग, मनगट एकच हे सिद्ध करावं म्हणून बाबांचं मोजलं: चौदा पूर्णांक नऊ.
बाबा म्हणाले, कफनाचं माप घेतेस की काय? आई इतकी ओरडली की टेप माझ्या हातून पडला. विनोद होता तो. आई हल्ली विनोद ओळखत नाही.

१४ मार्च
बाबा: चौदा पूर्णांक सहा. टेप जुना आहे. वापरून वापरून ताणला गेला की टेप कमी माप दाखवतो, हे साधं विज्ञान आहे. उद्या नवा घेते.

१५ मार्च
नवा टेप. चौदा पूर्णांक सहा.
माझं पुन्हा मोजलं: पंधरा पूर्णांक चार. दोन्ही टेपवर तेच.
सकाळी सगळ्यांचीच मनगटं जरा बारीक असतात.
(माझं मोजलं तेही सकाळीच.)

१८ मार्च. मंगळवार
कपाटावर मोठं खाकी पाकीट आहे. वर बाबांचं नाव आणि कुठल्यातरी प्रयोगशाळेचा शिक्का. हात लावला नाही. ज्याच्या नावाचा अहवाल, त्यानेच उघडायचा, हे तत्त्व आम्ही कामावर पाळतो, मग घरी मोडायचं कशासाठी? पाकिटावर धूळ नव्हती, एवढंच नोंदवते.
आत्या स्वयंपाकघरात आईला म्हणत होती, पोरगी शिकली म्हणून काय झालं, डोळे आहेत ना तिला? मी आत गेले तर दोघीही भाजी निवडत होत्या. एकच जुडी, दोघी मिळून.

२४ मार्च
बाबांना रुग्णालयात ठेवलं आहे. तपासणीसाठी. तपासणी ही चांगलीच गोष्ट. मी तर तिच्यावरच जगते. चार दिवसांनी घरी.

२९ मार्च
चार दिवस होऊन गेले. अजून तिथेच. मोठ्या संस्थांमध्ये कागदपत्रांना वेळ लागतो.

३ एप्रिल. सकाळी ९.२०
निर्णय झाला! चेन. आणि नुसती चेन नाही. बाबांच्या कपाटात औषधाच्या गोळ्यांची चपटी डबी सापडली, आत पाच कड्या. त्या सगळ्या परत बसवून घ्यायच्या, घड्याळ पूर्वीसारखं मूळ मापाचं करायचं आणि रुग्णालयात नेऊन बाबांच्या हातात घालायचं. माणसासमोर ध्येय हवं. मनगट चेनच्या मापाला यायला किती दिवस लागतील ते डॉक्टरांना विचारायचं आणि तक्ता करून पलंगाशी लावायचा. मला हे आधीच का सुचलं नाही?

३ एप्रिल. दुपारी २.१०
काकांनी डबी उघडून कड्या मखमलीवर मांडल्या. नको करू पोरी, म्हणाले. मी कारण विचारलं. तेव्हा म्हणाले की जानेवारीत बाबा सहावी कडी काढायला आले होते. काकांनी सांगितलं, आता आणखी काढली तर लॉक मनगटाच्या मधोमध राहत नाही, एका अंगाला सरकतं, आता चेन जमायची नाही, पट्टा घे. बाबा दुकानातल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, राहू दे तसंच. आता ते माझ्या पोरीला होईल.
मी काकांना म्हटलं, कड्या बसवा.
त्यांनी पाचही बसवल्या.

३ एप्रिल. संध्याकाळी ६.४०
बाबांच्या एका हाताला सलाइन. दुसऱ्यात घड्याळ घातलं, लॉक लावलं. बाबांनी हात वर केला तसं घड्याळ घरंगळत कोपरापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, वा, बाजूबंद!
बाबांना हसू आवरेना. म्हणाले, बघ, एवढी शिकलीस आणि बापाचं माप चुकवलंस.
मी तक्ता पिशवीतून काढला नाही.
बाहेर आई बाकावर बसली होती. तिने मला शेजारी बसवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. आजाराचं नाव. कधी कळलं. डॉक्टर किती महिने म्हणाले. बाबाच म्हणाले होते, पोरीची परीक्षा होऊ दे, मग सांगू. मग म्हणाले निकाल लागू दे. मग नोकरी लागू दे. आता तुला नोकरी लागून दोन महिने झाले, माझ्याकडे दुसरं निमित्त नाही गं, म्हणाली.
मी तिला विचारलं, चहा आणू का?

६ एप्रिल
रोजनिशी पहिल्यापासून वाचली. नोंदी सगळ्या आहेत. तारखा आहेत, मापं आहेत, कापूसही आहे. कामावर असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी पाच मिनिटांत शेरा मारून मॅडमकडे पाठवला असता.

७ एप्रिल
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, दुपारचे नमुने मी घेते, तुम्ही जात जा. मी म्हटलं, तराजू तपासायचा राहिलाय. त्या म्हणाल्या, तो मी केव्हाच तपासला.

११ एप्रिल
बाबांना विचारलं, घड्याळ मला का दिलंत, पट्टा का नाही लावून घेतला? म्हणाले, पट्ट्याला भोकं असतात. रोज एक भोक आत जायचं आणि रोज ते आपणच मोजायचं. चेनचं बरं, सहा महिने कुणी काही विचारत नाही.
मग म्हणाले, तू तरी विचारशील असं वाटायचं.
मग लगेच म्हणाले, नाही विचारलंस तेच बरं केलंस. मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते काम तुझ्या आईलाच नीट जमतं.
आई म्हणाली, मला कुठे जमतं? गॅसवर दूध नसताना उतू जातं माझं.
म्हणजे तिच्याही ते लक्षात आहे.

१६ एप्रिल. सकाळी ८.०५
पट्टा. नायलॉनचा, चिकटवायचा. ना भोकं, ना कड्या. कितीही आवळता येतो. मी दुकानात शिरले तेव्हा काकांनी तो आधीच काढून ठेवला होता.
घड्याळ बाबांच्या हातात आहे. तास-तासाला बघतात आणि नर्सला सांगतात, तुमची गोळी चार मिनिटं उशिरा आली. मी बाटल्यांवर भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहिते.
चेन दाराजवळच्या खिळ्यावर टांगली आहे, पाचही कड्यांसकट.
आज रुग्णालयात जाताना टेप घरीच ठेवते आहे.