वांग्याचा काही दोष नाही

राजापेठ, अमरावती
माघ वद्य पंचमी

चि. सौ. शालूस ताईचे अनेक आशीर्वाद. अकोल्याला सगळे खुशाल असाल असं धरून चालते. मीही ठणठणीत आहे. फक्त डाव्या छातीत बोराच्या बीएवढी गाठ आहे, आणि त्यावरून घरात माझ्या ताटाची लढाई जुंपली आहे.

न्हाताना हाताला लागली, ते सासूबाईंना सांगितलं (चूक माझीच). "वांगं वातुळ असते, त्यानंच झालं," म्हणाल्या. आपल्या मळ्यातली वांगी सगळी अमरावती खाते, पण मला बंद. भगवंतराव वैद्यांनी तेल आणि आंबट बंद केलं, शेजारच्या बेबीताईंनी तूप वाढवलं, ते वैद्यांनी पुन्हा कमी केलं. उरलं मुगाचं पाणी. तुझ्या भाऊजींनी सोबत म्हणून तेच घेतलं. चौथ्या दिवशी मळ्याच्या झोपडीत वांग्याचं भरीत खाताना सापडले. मिशीला बी होतं.

शेवटी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, वांग्याचा काही दोष नाही. जेवणाचा या दुखण्याशी संबंध असेलही, पण विलायतेत ते अजून उंदरांवर पाहताहेत, आणि आलेली गाठ मुगानं जात नाही.

"मंग म्या चार दिवस मूग कावून खाल्ले?" तुझे भाऊजी.

मग मुलं किती, विचारलं. नाहीत, म्हटलं. बाईच्या अंगात एक रस असतो, तो दर महिन्याला छातीला कामाला लावतो. गरोदरपणात आणि पाजताना त्याची पाळी चुकते, म्हणून लेकुरवाळीला धोका थोडा कमी, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी अशी मान डोलावली, जणू त्यांचा साक्षीदारच बोलला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा दोष नाही, नुसता अंदाज आहे." आपल्या आईला तर सात लेकरं होती, आणि आई गेली याच दुखण्यानं, हे मी सांगितलं. मग कोणीच मान डोलावली नाही. परतताना टांग्यात सासूबाईंनी माझा हात धरला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी हात हलवला नाही, सोडतील या भीतीनं.

तुझी ताई,
माणिक

ता. क. गुरुवारी गाठ कापून काढणार आहेत. तू बुधवारीच ये. डबा आणू नको.

ता. क. दुसरा. आईचं ऐकून त्यांनी बहिणी किती, तेही विचारलं. तुझ्या मागच्या पत्रात "माह्याही काखेत" एवढं लिहून तू खोडलं आहेस. शालू, खोडलेलं वाचता येतं. मी वेळ दोघींची घेतली आहे.