थाप ऐकू येईल असे इअरफोन

१४ जून, शनि.
डावा गेला. कान नाही, इअरफोन. उजवा चालतो, पण वायर एका बाजूला दाबून धरली तरच. काल कंपनीच्या बसमध्ये वारजे ते हिंजवडी मान वाकडी करून बसलो. शेजारच्याने दोनदा वळून बघितलं.
फ्लॅट तिघांचा होता. अमोल ऑनसाइट गेला, सचिनचं लग्न झालं. आता तीन गाद्या आणि मी.
यवतमाळहून आईचा फोन. ‘जेवला काय बाप्पा?’ जेवलो म्हटलं. काय जेवलो ते विचारल्यावर आठवेना.

२२ जून, रवि.
ढोल-ताशा पथकात नाव देऊन आलो. कर्वेनगरला बोर्ड होता, नवीन वादक हवेत. पुण्यात चार वर्षं झाली. ओळखीचे म्हणजे मेसवाला आणि खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू, त्याही तक्रारीपुरत्या. पथकात शंभर जणांत उभं राहता येतं आणि बोलावं लागत नाही. नाव लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, का यायचंय? म्हटलं, आवड आहे.

५ जुलै, शनि.
नदीकाठी पहिली तालीम. ढोल कमरेला बांधला आणि पाठ बोंबलली. मंदारदादा शिकवतो, तोच वादनप्रमुख. एकाला म्हणाला, ‘अहो, ढोल आपण वाजवायचा असतो. आपल्याला त्याने नाही.’ एका बाजूला टिपरू, म्हणजे काठी, मारायचं, दुसरीकडे हाताची थाप. ठेक्याला इथे ‘हात’ म्हणतात. आज पहिला हात झाला.
सगळे एकदम वाजले तेव्हा छातीत काहीतरी हललं. बरं वाटलं. खूप दिवसांनी.
मंदारने ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलंय. घरी ऐकून यायचं.

८ जुलै, मंगळ.
बसमध्ये ऐकलं, घरी ऐकलं. एका कानात नुसता ताशा तडतडतो. ढोल कुठे गेले? ताशावरून अंदाज बांधून उशीवर टिपरू मारत बसलो. काकू वर आल्या. ‘अहो, गादी रोज झटकता का? चांगली सवय आहे. दुपारी झटका.’

१२ जुलै, शनि.
इज्जत गेली. मंदारने सगळ्यांना थांबवून मला एकट्याला वाजवायला लावलं.
‘ताशामागे का पळतोयस? थाप टोलावर पडली पाहिजे.’ टोल म्हणजे ती लोखंडी तबकडी, सगळे तिच्यावर चालतात.
‘रेकॉर्डिंग ऐकलंस?’
‘ऐकलं.’
‘मग माझं चुकलं असेल.’
पुण्यात कोणी ओरडत नाही. ओरडले तर बरं, एवढंच वाटतं.
विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्यांना घेणार नाहीत. यादी लागणार. मला त्या यादीत यायचंय. हे आज पहिल्यांदा कळलं.

१३ जुलै, रवि.
तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. इअरफोन स्वस्तातले, पण बेस दणदणीत हवा. ज्या त्या डब्यावर ‘एक्स्ट्रा बेस’. दुकानदाराला विचारलं, यात जास्त बेस कुठल्यात? ‘सगळ्यांत.’ मग फरक काय? ‘रंग.’
लावून बघू का म्हटलं, तर ‘कानाची वस्तू आहे. घ्या, मग लावा.’
लाल वायरवाले घेतले. का लाल, माहीत नाही.

१५ जुलै, मंगळ.
लाल फसले. बेस आहे, नको तेवढा आहे. सगळे ढोल मिळून एकच घुंऽऽ, पाण्याच्या टाकीत तोंड घातल्यासारखं. थाप कुठे, टिपरू कुठे, काही पत्ता नाही. म्हणजे नुसता बेस असून भागत नाही, ठोका सुटा यायला हवा. तपकीर गल्लीत परत जाण्यात अर्थ नाही, तो दुसरा रंग देईल.
जेवताना मोबाइलवर लोकांची मतं वाचत बसलो. एकाने लिहिलंय, ‘बेस ऐसा कि पडोसी रो दे.’ माझ्या शेजाऱ्यांना त्यासाठी इअरफोन लागत नाहीत.
मेसमध्ये समोर एक जण बसला होता. दोघंही मोबाइलमध्ये. मीठ मागायचं होतं, नाही मागितलं.

२० जुलै, रवि.
ऑनलाइन मागवलेले काळे आले. यांच्यात तर बेसच नाही. माझ्या नशिबात तडतडच.
तालमीत कपाळावर आठ्या घेऊन उभा होतो. शेजारी वैदेही असते, चिंचवडहून येते, बँकेत आहे. तिने विचारलं, काय झालं. सांगितलं. तिने इअरफोन हातात घेऊन बघितले.
‘रबर बदललंस का? डब्यात मोठं असेल. कान बंद झाला नाही तर बेस सगळा बाहेर जातो.’
मग म्हणाली, ‘तू तालीम सुटली रे सुटली की कानात घालतोस. म्हटलं, याला बोलायचं नसेल.’
मी घालतो कारण कोणी बोलत नाही. आणि कोणी बोलत नाही कारण मी घालतो. आधी काय झालं ते आठवत नाही. तिच्यासमोर नुसती मान हलवली. घरी येऊन स्वतःचाच राग आला.
डबा कचऱ्यातून काढला. मोठं रबर होतं.

२२ जुलै, मंगळ.
आला. ढोल आला. थाप वेगळी, टिपरू वेगळं, टोल मधे. अख्खी बस हिंजवडीला उतरली आणि मी बसून.

२७ जुलै, रवि.
आजचं रेकॉर्डिंग आमच्या रांगेसमोर मोबाइल ठेवून केलेलं. त्यात एक थाप मागून येते. सगळे पडतात, मग ती. दर वेळी. मोबाइलच्या स्पीकरवर कळत नाही, काळ्यांत स्पष्ट.
तिसऱ्या हाताला टिपरू एकदा निसटलं होतं माझं. तिथे ती थापही नाही.
म्हणजे मी.

३० जुलै, बुध.
का मागे राहतो ते कळलं. मी आधी बाकीचे वाजवतात का ते ऐकतो, मग हात टाकतो. ढोलच नाही. मीटिंगमध्ये चूक दिसलेली असते, दुसरा कोणी बोलेपर्यंत गप्प. लिफ्टमध्ये समोरचा हसला तर हसायचं. वैदेहीने रविवारी चहाला चल म्हटलं, बाकी कोण कोण येतंय ते बघत राहिलो, तोवर ते गेले.
एकटा पडलो, एकटा पडलो म्हणतो. पडलो कसला. मीच मागे राहिलो.

९ ऑगस्ट, शनि.
आज ठरवून गेलो, थांबायचं नाही. दुसऱ्या हाताला सगळ्यांच्या आधी पडलो. एकटाच. धाडकन. रांग हसली.
मंदार म्हणाला, ‘चुकलास. पण आज स्वतःचं चुकलास. चालू ठेव.’
सुटल्यावर चहाला गेलो. विचारलं नाही कोणाला, गेलो. वै. म्हणाली, ‘रस्ता सापडला वाटतं.’ मंदारही होता. फार बोललो नाही. इअरफोन खिशात.

२३ ऑगस्ट, शनि.
आईला बोलून बसलो, मिरवणुकीत वाजवतोय म्हणून. यादी लागायची आहे आणि मी सांगून मोकळा. ती म्हणाली, ‘येतो मंग मी. पाहीन तरी तू कसा राह्यतं ते.’ चार वर्षांत पहिल्यांदा येतेय. नको म्हणवेना. सचिनची गादी उन्हात टाकली. काकूंनी गच्चीत बघितलं, काही बोलल्या नाहीत. कमाल आहे.

२९ ऑगस्ट, शुक्र. चतुर्थी
प्रतिष्ठापनेच्या मिरवणुकीत मी नव्हतो. वै. होती. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन दोरीच्या आत चाललो. हेही काम लागतं, म्हणे. लागतं. पण रडू येईल असं वाटलं, आणि त्या आवाजात आलं असतं तरी कोणाला कळलं नसतं.
मंदार म्हणाला, विसर्जनाची यादी शेवटच्या तालमीनंतर.

७ सप्टें., रवि.
आई सकाळी ट्रॅव्हल्सने आली. फ्लॅट बघितला, फ्रिज उघडून बंद केला. दुपारी भाकरी टाकल्या. खूप दिवसांनी घरात दुसऱ्या कोणाच्या वावरण्याचा आवाज.
विसर्जन उद्या. यादी अजून नाही. वै.ला मेसेज केला, तिलाही माहीत नाही. आईला काही बोललो नाही.
कालच्या शेवटच्या तालमीचं रेकॉर्डिंग आलंय. मी ऐकून घेतलं. मागची थाप नाही. पुढची पण नाही. पुन्हा पुन्हा ऐकलं, मी सापडतच नाही. एवढा आनंद कशाचा झाला नव्हता.
आई म्हणाली, आइकू दे मले. छोटं रबर लावून तिच्या कानात घातले. आधी दचकली, मग डोळे मिटून मांडीवर हात आपटत बसली.
‘यातला तुहा कोनता?’
म्हटलं, ओळखू येत नाही.
‘असं कसं? मंग उद्या म्या कोनाले पाहू?’
यादीचं सांगायला तोंड उघडलं आणि आधी ग्रुप बघितला. अजून काही नाही. तिने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. म्हणाली, तुहा कोनता ते तू तं दाखव.