रक्ताची सावड

९ सप्टेंबर, मंगळवार

पैलवान म्हणे! आमी बाया पैलवान! ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटवलाय, छापील, रंगीत. एका संस्थेनं धरणाच्या काठच्या अकरा गावांतल्या बायांचं रक्त तपासलं, त्यात आमचं गाव पयलं. "महिलांचे आरोग्य उत्तम." अरे कुटं उत्तम? काल हापशावर धोंडाबाई हंडा उचलायला वाकली ती तितंच बसली. डोळं पांढरं. तोंडावर पाणी मारलं तवा कुटं मला ओळखलं. धाकटी जाऊ माझी. चाळीस बी पुरी न्हाईत तिला.

ह्या संस्थेला कुणा कारखानदारानं पैसा दिलाय. कशाला? तर कुठल्या गावात बायांची तब्येत जास्त वाईट हाय ते शोधायचं, आन तितं दर आठवड्याला नर्स पाठवायची. सुई, गोळ्या, तपासणी, समदं दारात. शोधलं. नर्स गेली पाण्यापल्याडच्या वाडीला. तिथलं रक्त सगळ्यात कमी निघालं म्हणं. आन आमाला काय? प्रशस्तिपत्र! आमच्या मालकांनी ते गोठ्यात ठोकलं. म्हणले, म्हशीला वाचू दे, तिला बी बरं वाटंल.

संस्थेच्या सुलक्षणाबाईनं ही वही दिलीया. रोज काय खाल्लं ते लिवायचं. लिवते. आज भात, आमटी, आन राग.

१० सप्टेंबर

वहीला तोंड न्हाई, म्हून सांगते. गावात पैलवान मी एकटीच.

ऐन लावणीत आले ते तपासायला. चिठ्ठ्या टाकून गावातल्या सहा बायांची नावं काढली, त्यात मी आन धोंडा बी. शाळेच्या ओट्यावर यायचं, दोन दिवस, धा ते चार. लावणीच्या दिवसांत! आमच्याकडं लावणी सावडीवर चालती — आज समद्यांनी तुझ्या खाचरात, उद्या समद्यांनी माझ्या. एक बाई सुटली की खाचर अर्धं राहतं. माझ्या पायात खिळा घुसलेला, चिखलात उतरायची बंदी. मीच काय ती रिकामी. मग बांधावरच ठरलं. गोजराबाईनं, म्हंजी मी, समद्यांच्या वतीनं बोटं द्यायची, समद्यांनी गोजराबाईचं खाचर लावून द्यायचं. सावड ती सावड! त्यात वावगं काय, असंच वाटलं तवा.

सुई टोचणाऱ्या पोरी शहरातल्या, सकाळी एक, दुपारी दुसरी. मी घरी जाऊन साडी बदलायची, पदर पुढं वढायची, परत रांगेत. एका बोटाला एक बाई. करंगळी धोंडाची. एकीचं वय सांगितलं अठ्ठावीस. पोरगी बघतच राहिली — "मावशी, अठ्ठावीस?" म्हणलं, उन्हातान्हात राबून आमी लवकर पिकतो बाई. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं! घरी येऊन मी हसून हसून लोळले.

सहा बाया, सहा कार्डं. समद्यांचं रक्त तेरा.

१३ सप्टेंबर, शनिवार

धोंडा परत पडली, ह्या वेळी चुलीपाशी. हात भाजला. मी तिच्या नवऱ्याला, नथूला म्हणलं, भावजी, हिला पौडला सरकारी दवाखान्यात न्या. नथूनं फळीवरचं संस्थेचं कार्ड काढलं आन माझ्या नाकासमोर धरलं. "वहिनी, वाचा. तेरा हाय. शिक्का हाय. हिला कामाचा कंटाळा, दुसरं काय न्हाई."

धोंडा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं. मी कार्ड परत फळीवर ठेवलं.

हसू आता येत न्हाई.

१४ सप्टेंबर

सुई टोचून दोन महिने झाले. करंगळी आज ठणकतीय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नथूला थाप मारली — देवीच्या ओटीला खण घ्यायचाय, पौडला जातो. धोंडाला बसमधी कोंबली आन थेट दवाखाना. रक्त सव्वासहा! डॉक्टर माझ्यावरच वरडला, "ही इथवर चालत आली कशी?" म्हणलं, चालत न्हाई सायब, बसनं. त्यो हसला न्हाई.

दर आठ दिवसांनी सुई घ्यायची, दोन महिने. चुकवायची न्हाई. आन बस सकाळची एक, संध्याकाळची एक. म्हंजी आठवड्यातला एक आख्खा दिवस. "आक्का, कितीदा खण घेणार आपण?" धोंडा म्हणाली. खरंच की. नर्स गावात आली असती तर धा मिनिटांचं काम होतं. आन ती का आली न्हाई? माझ्या बोटांमुळं.

खण घेतलाच. हिरवा. थाप मारली तर धड मारावी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुलक्षणाबाई आली, पेढे घेऊन. पुढल्या शुक्रवारी रिसॉर्टवर मोठी बैठक. पैसा देणारे अण्णासाहेब येणार. "मावशी, तुमच्या गावच्या आहाराचं पुस्तक काढायचं म्हणतायत ते! तुम्ही पाच मिनिटं बोला. नाचणी, मासे, असं काहीतरी."

पेढा तोंडात होता तोवर गप्प बसले. मग समदं सांगितलं. आधी ती खदखदा हसली. मग ओट्यावर मटकन बसली. "मावशी, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका. अहवाल गेलाय. माझी नोकरी जाईल."

परभणीकडची पोरगी. हिंजवडीला एका खोलीत चौघी राहत्यात. मला काय कळत न्हाई व्हय? पण म्हणलं, तुझी नोकरी हाय, माझी जाऊ हाय. आता तू सांग.

ती उठली. जाताना दारातनं एवढंच म्हणाली — "नाचणीचं तरी बोला."

२३ सप्टेंबर

धोंडाची दुसरी सुई आज होती. नथूनं सोडलं न्हाई. भाऊ असो का दीर, कार्ड वाचणाऱ्या बाप्याशी डोकं लावू नये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आल्या आल्या लिवते.

रिसॉर्ट म्हंजी पाण्याच्या कडंला काचेचं घर. आत थंडी — सप्टेंबरात हिवाळा! गरिबाच्या तब्येतीवर बोलायला बसले, आन टेबलं बघावीत! सतरा भांडी, समद्यांतनं वाफ. मी नवरात्राच्या उपासाची. वास घेतला आन पुण्य कमावलं.

अण्णासाहेब पांढऱ्या केसांचे, बोलायला मऊ. हात जोडून उभं राहिले. म्हणले, "ताई, तुमच्या गावाचं गुपित सगळ्यांना सांगा."

सुलक्षणा भिंतीला टेकून उभी. तोंडाला रंग न्हाई.

मी उठले. नाचणीचं म्हणणार होते, खरंच. देवीची आण. पण माईक हातात आला आन धोंडाची तोंडं पुढं आली, हापशावरचं आन चुलीपाशीचं. मी हात वर केला, बोटं पसरली. म्हणलं, हे बघा गुपित. हा आंगठा मी सोता. ही अंगणवाडीशेजारची, ही खालच्या आळीची. ही अठ्ठावीस वर्साची! आन ही करंगळी माझी जाऊ. सहावं बोट दुसऱ्या हाताला.

कुणी तरी हसलं. एक जण लॅपटॉप मिटत म्हणाला, "म्हणजे सगळा डेटा —" म्हणलं, डेटा मला ठाऊक न्हाई. बाई एक, बोटं सहा. एवढं लिवून घ्या.

अण्णासाहेब म्हणाले, "असं का केलंत ताई?" रागानं न्हाई, खरंच विचारलं. मलाच राग आला. म्हणलं, सायब, तुमी पैसा दिला, मशीन दिलं, शिकलेल्या पोरी दिल्या. लावणी कधी असती, एवढंच कुणाला विचारलं न्हाई. दिवाळीनंतर आला असता तर आमी रांगा लावल्या असत्या. माझी जाऊ सव्वासहावर हाय आन तिचा नवरा तुमचं कार्ड दाखवून तिला कामचुकार म्हणतोय. मी लबाड, कबूल. पण शिक्का तुमचा हाय.

दवाखान्याचा कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

तवा सुलक्षणा पुढं आली. "तारखा मी ठरवल्या होत्या, सर. चूक माझी." आवाज एवढासा. पण बोलली! मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आता दोघींना हाकला म्हणलं, एकाच बसनं जातो.

हाकललं न्हाई. "दोन दिवस द्या," म्हणाले.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल सुलक्षणा मशीन घेऊन घरोघरी फिरली, मी मागं. ज्याचं बोट त्याचंच नाव! धोंडा सहा. खालच्या आळीची साडेसात. अठ्ठावीसवाली आठ — खरी बघितली तवा सुलक्षणा म्हणली, "मावशी, ही तर पोर आहे हो!" मी परत तेरा. काय करू, म्हशीचा गुण.

आन आज तिचा फोन. नोकरी राहिली. आन नर्स आमाला! दसऱ्यानंतर दर मंगळवारी, शाळेच्या ओट्यावर. वाडीची नर्स काढून हिकडं देणार. नथूनं जुनं कार्ड सोताच्या हातानं चुलीत घातलं. धोंडाला म्हणला, "बस जरा." लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा.

मी आळीत साखर वाटली. जिंकले!

३० सप्टेंबर, मंगळवार

पल्याडच्या वाडीची चंद्राबाई आली, होडीतनं. काठापास्नं माझ्या दारापत्तोर तीनदा बसली. पिवळी हळद. "आमची नर्स तू नेलीस व्हय गं?" भांडायला आलेली, पण भांडायला दम तरी हवा ना. पाणी पिऊन मग हळूच म्हणली, "आमच्यात बी सहा बोटं एकीनंच दिली. मी. बाकीच्या पाच जणी ठणठणीत हायेत. पण खाचरात मला उभंच राहवत नव्हतं, मग मीच रिकामी."

अण्णासाहेब, हे पान फाडून सुलक्षणाच्या हातानं तुमाला धाडतीय. नर्स एक हाय, काठ दोन हायेत. मंगळवार आमचा, बुधवार चंद्राबाईचा. येत्या सोमवारी कोजागिरी, त्याच्या आत व्हय का न्हाई ते सांगा. न्हाईतर राहिलेल्या नऊ गावांत मी सोता फिरते, आन बायांना विचारते — तुमच्यात बोटं कुणी दिली?