दहा आठ ते दहा एकतीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री नऊनंतर दर चाळीस मिनिटांनी गाडी. काल फलाटावर कागद चिकटवलाय. आधी दर दहा मिनिटांनी होती. खाली लिहिलंय — ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’. कोणता प्रवासी हो? नाव सांगा त्याचं, मला भेटायचंय त्याला.

आमचं सगळं गणितच बोंबललं. मी दहाला लाँड्रीतून सुटते. ताईची इस्पितळात रात्रपाळी, अकराला हजर व्हायचं. आजवर असं चालायचं — ताई आपल्या लेकीला, मुंगीला घेऊन फलाटावर यायची, मी गाडीतून उतरायचे, मुंगी आणि घराची किल्ली माझ्या हातात, आणि चार मिनिटांत समोरच्या बाजूने ताईची गाडी. “जेवलीय, दात घासलेत, गोष्ट एकच सांग.” की गेली. दहा महिन्यांत एकदा चुकलं नाही.

आता ताईला दहा आठचीच धरावी लागते, पुढची धरली तर उशीर. माझी येते दहा एकतीसला. मध्ये तेवीस मिनिटं. मुंगी पाच वर्षांची.

भावजी जहाजावर. फोनवर म्हणे, “काहीतरी मार्ग काढा.” काढतो की. खिशातच ठेवलाय.

६ फेब्रुवारी

मुकादमाला म्हटलं, अर्धा तास लवकर सोडा, सकाळी भरून काढते. तर म्हणाला, “आज तू, उद्या ती. मग हॉटेलच्या चादरी काय मी आणि माझी बायको घड्या घालणार?”

चादरीची घडी एकटीने होत नाही, हे खरं. दोघी लागतात. माझी जोडीदारीण ताडमाड, मी बुटकी, म्हणून आमची घडी नेहमी तिच्या बाजूला चढते. तिने एकदा मला पाटावर उभं केलं होतं. मग पाट घसरला आणि — जाऊ दे, कुठून कुठे चालले मी.

दोन दिवस शेजारणीने मुंगीला ठेवून घेतलं. आज म्हणाली, “माझं काही पाळणाघर नाही हो.” बरोबर आहे तिचं. तरी राग आला.

९ फेब्रुवारी

स्टेशनात कार्ड लावून बाहेर पडायचं फाटक आहे ना, तिथले काका देवमाणूस. “ठेवा पोरीला माझ्या स्टुलापाशी. तेवीस मिनिटांत काय पळून जाते?” मुंगीने त्यांची शिट्टी गळ्यात घातली होती.

१२ फेब्रुवारी

तपासनीस आला आणि बघितलं. काकांना सगळ्यांसमोर म्हणाला, “पोरं सांभाळायचा पगार देतो का तुम्हाला?”

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय माझं. उद्यापासून नको.”

१३ फेब्रुवारी

ताईने आज बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली. मी स्टेशनपासून धावत आले. मुंगी दाराच्या आत जमिनीवर बसलेली, पायात बूट. “आई म्हणाली झोप. मी झोपले नाही. गाडीच येईना.”

बूट उलट्या पायांत घातले होते. ते ओढून काढले, सरळ घातले. रागाने. त्या कागद चिकटवणाऱ्याला एकदा असं कुलपात ठेवायला हवं.

१७ फेब्रुवारी

ताप आल्याचं खोटं सांगितलं आणि गाड्यांच्या मोठ्या कचेरीत गेले. तीन टेबलं फिरवलं. चौथ्यावरच्या साहेबाने शांतपणे संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “नऊनंतर तुमच्या स्टेशनावर रोज सरासरी अकरा माणसं उतरतात.”

अकरा? माझ्या एका डब्यात तेवढी तर उभी असतात. तो म्हणाला, “फाटकाचं यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम. कार्ड लागलं की माणूस मोजला.”

मोठमोठ्याने भांडले. शिपाई आला. परत येताना गाडीत बसल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्याकडे नऊनंतर कार्ड लावतंच कोण? सगळ्यांच्या कार्डात महिन्याचा पास भरलेला, सगळे दमलेले. काका कडेचं रुंद फाटक उघडं ठेवतात, माणसं सरळ बाहेर. आणि ते उघडं ठेवा म्हणून काकांच्या मागे कोण लागलं होतं? मी. मुंगी त्या फिरत्या दांड्यात अडकायची म्हणून.

१८ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ती गणवेशाची बटणं लावत होती. म्हणाली, “तू ना, जाशील तिथे दार उघडं टाकून येतेस. शाळा तशी, नोकऱ्या तशा.” मग एक बटण चुकीच्या काजात गेलं ते काढत बसली. “जा, आता बंद कर.”

१९ फेब्रुवारी

काकांनी रुंद फाटक लावलं. गाडीतून उतरले की पाच मिनिटं मी बाहेर उभी राहून ओरडते, मग घरी पळते. लावा हो कार्ड, नाहीतर उद्या पायी जाल. एक आचारी म्हणाला, “दिवसभर उभा होतो, आता रांगेत पण?” माझ्या जोडीदारणीने त्याच्या खिशातून कार्ड काढून स्वतःच टेकवलं. तो बघतच राहिला.

२६ फेब्रुवारी

काकांनी हळूच आकडा सांगितला. रोजचे दोनशे चौदा. आता बघू.

मुंगी अजून कुलपात.

५ मार्च

पुन्हा कचेरी. साहेबाने या खेपेला खुर्ची दिली. पडद्यावर रेघ चढत गेलेली.

“नवं वेळापत्रक लागल्यापासून अकराचे दोनशे चौदा झाले. लोकांनी उचलून धरलंय. आता हे कायम, आणि बाकीच्या मार्गांवरही लावतोय.”

मी म्हटलं, अहो, माणसं तीच आहेत. आधी फाटक उघडं असायचं.

त्याने पेन उचललं. “उघडं? कुणी ठेवलं होतं? नाव सांगा, लिहून घेतो. मग जुने आकडे बाद करता येतील.”

पेन तसंच धरलेलं. खिडकीबाहेर कुणीतरी काच पुसत होतं. दीड वर्ष राहिलंय काकांचं.

मी म्हटलं, माझीच काहीतरी चूक झाली असेल.

“होतं असं,” साहेब म्हणाला. पाणी विचारलं. मेल्याने पाणी विचारलं.

७ मार्च

लाँड्री सोडली. ताईचा पगार माझ्या दुप्पट, म्हणून मीच. मुकादमाने विचारलं, “आता कुठल्या गावाला?”

म्हटलं, घरी.