नवं कापड रंग सोडतं

प्रिय बारके,

काल बोलता बोलता मी फोन ठेवला. दारावर कुणीतरी आलंय म्हणाले, ते खोटं होतं. तुला राग आला असणार. नवा गुडघा घेऊन तू घरात चालायला लागलीस आणि ताईला दोन शब्द बरे बोलवेनात.

ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तू इथे नव्हतीस, म्हणून तुला सगळं ठाऊक नाही. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारून ह्यांचा गुडघा गेला होता, म्हणून धातूचा नवा बसवला. डॉक्टर भले होते, पण हॉस्पिटलच फाटकं. वॉर्डातल्या नळाला पाणी नसायचं, तेव्हा सिस्टर एकाची पट्टी बदलून तशाच हातांनी दुसऱ्याकडे वळायच्या. शेजारच्या खाटेवर पाय चिघळलेला माणूस होता. त्याला वेगळी खोली कुठून आणणार? मी सिस्टरना टोकलं, तर म्हणाल्या, मावशी, पाणी काय डोळ्यांतून काढू? मग मी घरून कॅन भरून न्यायला लागले.

ह्यांना त्यातही थट्टा. टाके बघून म्हणाले, हात बरा आहे डॉक्टरांचा, पण शेवटी धागा पक्का करणारी उलटी टीप मारायची राहिली. घरी आल्यावर पट्टीवर पिवळसर लाल डाग उमटायला लागला. दाखवून येऊ म्हटलं, तर म्हणे, नवं कापड आहे, पहिल्या धुण्याला रंग सोडणारच. आम्ही सगळे हसलो. येणारा-जाणारा विचारायचा, काय मास्तर, रंग सुटला का? ‘पू’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघालाच नाही. घरात उरलेल्या गोळ्या ते घेत राहिले, ताप दबला आणि आत पिकत गेलं. शेवटी तो सांधा काढावा लागला. त्यातून ते उठले नाहीत.

तेव्हापासून वाचनालयातून पुस्तकं आणते, शब्द अडला की कोश काढते. जंतू त्या धातूवर साय धरल्यासारखे बसतात, सायीखाली औषध पोचत नाही. वेळेवर उघडून धुतलं तर सांधा वाचू शकतो. आता हे कळून काय करू? ह्यांनी अर्धवट सोडलेली पँट अजून मशीनवर आहे. सुई वर करायला माझा हात होत नाही.

आणि काल तू हसत म्हणालीस, ताई, भाऊजी म्हणायचे तसा माझाही गुडघा रंग सोडतोय बघ.

फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. माझी लेक हे पत्र घेऊन आलीय, रिक्षा खाली थांबवलीय. वाचून झालं की ऊठ. घरातली एकही गोळी घेऊ नकोस. हॉस्पिटल तेच, नळही कोरडाच असेल; आपल्याला दुसरं आहे कुठे? लेकीजवळ पाण्याचा कॅन आणि साबण दिलाय. देवाकडे मागणं मी सोडलंय, तुझ्याकडे मागते. डॉक्टरांसमोर हसू नकोस, रंग म्हणू नकोस. पू म्हण.

वाट बघत बसलेली तुझीच,
ताई