वाघाच्या पंजाखाली

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

वाघ निघाला एकदाचा! पिनबॉलच्या मशीनच्या दोन्ही बाजूंचे जुने स्टिकर घासून कोरं लाकूड काढलं. खांदे भरून आलेत. उजव्या बटणाजवळ, वाघाच्या पंजाखाली लाल डाग होता, तोही घासला. जुना रंग असेल.

घणसोली गावात आबांचं गेम पार्लर होतं तेव्हा असं मशीन एकच. मी कायम हरायचो. ताई मात्र जीभ बाहेर काढून, उजवं बटण दाबत तासन्‌तास चेंडू खाली पडू द्यायची नाही. ती घर सोडून गेली आणि आबांनी शटर पाडलं. चावी करगोट्याला. कुणाला आत सोडलं नाही. आता आबा नाहीत. चावी माझ्याकडे.

दसऱ्यापर्यंत सगळं जसंच्या तसं करायचं. जुन्या फोटोवरून वाघाचे स्टिकर छापून आणलेत. आई म्हणते, पितृपक्षात नवीन काही चिकटवायचं नाही. रंग चालतो म्हणे! हा नियम तिनं आजच काढला असावा.

बुधवार, १७ सप्टेंबर

ताईला कोल्हापूरला फोन केला. दसऱ्याला ये म्हटलं, मशीन तयार होतंय. आधी हसली. पंजाला नखं किती आहेत विचारलं — बरोब्बर चार, तिला पाठ होतं! मग म्हणाली,

“आबांनी सांगितलं होतं, या दारात उभी राहू नकोस. शब्द मागे घेतला नाही त्यांनी. आता ते नाहीत म्हणून गुपचूप यायचं? मला नाही जमणार, तेजस.”

जातीबाहेर लग्न केलं एवढंच, आणि बापानं लेकीला दार बंद केलं. बारा वर्षं झाली. मेलेल्या माणसानं शब्द कसा मागे घ्यायचा?

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. ऑफिसातून आलो तो थेट शटरमध्ये. गेल्या आठवड्यात दिलेला रंग वाळलाय. साबणाचं पाणी फवारायचं, स्टिकर टेकवायचा, रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी ढकलत जायचं. घाई केली की संपलं. डावी बाजू झकास! उजवीकडे पंजाखाली एक फुगा राहिला. सुईनं टोचून बसवला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

फुगा परत आला.

बुधवार, २४ सप्टेंबर

नमिताचा हेअर ड्रायर पळवून गरम करून दाबला. तासाभरात पुन्हा वर! नमिता म्हणाली, माझ्या केसांना कधी एवढं कौतुकानं हात लावला होतास? बायको म्हणून तिला हक्क आहे. मला हसू आलं नाही, तेवढं चुकलंच.

शनिवार, २७ सप्टेंबर

उजवा स्टिकर उपटला. त्याच्याबरोबर त्या जागेचा रंगही सोलून आला. बोट फिरवलं — चिकट. लाकडात तेल मुरलेलं.

मग आठवलं. दसऱ्याला मशीनची पूजा ताईची. तेलात कुंकू कालवून पाच बोटं उठवायची, ती इथंच. बटणाजवळ. म्हणजे डाग रंगाचा नव्हता, तिच्या बोटांचा होता. आणि मी तो घासून काढला! तिथंच फरशीवर बसून राहिलो. फार आठवण आली तिची. ती इथं असावी, माझ्यावर ओरडावं तिनं, एवढंच वाटत होतं.

रविवार, २८ सप्टेंबर

चहा घेताना आईला सांगितलं, ताईचं तेल अजून सुकलेलं नाही बघ. आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

“बारा वर्सं तेल ओलं राहतं का रे?”

मला कळेना. मग तिनं सुरी खाली ठेवली.

“तुजा बापूस लावायचा. दर दसऱ्याला. शटर आतून वढून घ्यायचा न् बायच्या जागेवर पाच बोटं उठवायचा. त्याला वाटलं, मना म्हाईत नाय.”

ताईला आई अजून बायच म्हणते. तू बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, बोलले असते तर त्यानं तेही बंद केलं असतं.

आबा! एवढी चावी कमरेला बांधून फिरलात. एक फोन केला असतात तर?

सोमवार, २९ सप्टेंबर

ताईला सगळं सांगितलं. ऐकून तिनं फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

उजव्या बाजूचा नवा स्टिकर छापून आणलाय. गुंडाळी तशीच कपाटावर ठेवली. लावणार नाही. डाव्या बाजूचा वाघ आहे, पुरे.

बुधवार, १ ऑक्टोबर

फोन नाही. झेंडू आणले. मशीन चालू करून पाहिलं, दिवे लागतात.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

चावी आईकडे देऊन आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो, परत आलो तर शटर अर्धं वर. आत गेलो. उजव्या बाजूच्या कोऱ्या लाकडावर पाच बोटं — ओली, लाल.

आई दारात उभी होती. म्हणाली, “बाय आलीय. हात धुते घरात.”